न सुकणारं दव

६ सप्टेंबर १९८२, सोमवार. लालबाग

बाबांना गवत हवंय. तेही साधंसुधं नाही, माशी धरून खाणारं.

सकाळपासून त्यांचा दमा उसळला होता. अख्खी हयात गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात गेली, तो सगळा कापूस आता छातीत बसलाय आणि बाहेर निघायचं नाव घेत नाही. मी पाठ चोळत होतो. मध्येच माझा हात धरून म्हणाले, "जयवंता, माका गावच्या सड्यावरचा ता गवत आणून दी. माशी बसली की चिकाटता, मगे सुटणा नाय. आदी दम्यार तेचोच काढो देयत."

मला वाटलं, तापात बरळतायत. कपाळाला हात लावला तर ताप नव्हता. ललिता स्टोव्हला पिन मारत होती. मान वर न करता म्हणाली, "मागतायत तर जाऊन या ना. इथे तरी काय करताय?"

आमची बायको कमी बोलते, पण बोलली की वर्मी लागतं. जानेवारीपासून संप चालू आहे. विणायचे साचे बंद, पगार बंद. मी रोज सकाळी गेटवर जातो, घोषणा देतो, कोण आत घुसतंय का यावर नजर ठेवतो. याला ती काम समजत नाही.

मी म्हणालो, मी गेलो तर चाळीची कमिटी कोण बघणार? कोपऱ्यात बसलेला माझा धाकटा भाऊ सीताराम लगेच म्हणाला, "दत्ताराम बघेल की." दत्ताराम आमच्याच मजल्यावरचा, माझ्याच साचेखात्यातला, माझा उजवा हात. तो बघेल यात वाद नाही. पण बदली कामगार असलेल्या या पोराला कमिटीची काळजी कधीपासून लागली, देव जाणे.

७ सप्टेंबर

तळमजल्यावरचा रघुवीर आज खोली सोडून गेला. गेल्या महिन्यात संप मोडून आत गेला होता. कोणी त्याला हात लावला नाही, लावायची गरजच पडली नाही. संप सुरू झाला तेव्हा चाळीच्या मारुतीपुढे सगळ्यांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतलीय. जो आत जाईल त्याच्या घरचं पाणी नाही, विस्तव नाही, घेणं नाही, देणं नाही. शब्द माझेच होते. मी एकेक वाक्य सांगत होतो आणि माणसं मागून म्हणत होती. रघुवीरच्या बायकोला सगळ्यांचं पाणी भरून झाल्याशिवाय नळावर येता येत नव्हतं. तिच्या मुलाच्या वाढदिवसाची साखर कोणी घेतली नाही. एवढं पुरलं.

मी जेवताना म्हणालो, बरं झालं, घाण गेली.

सीताराम म्हणाला, "त्याची आई आजारी होती म्हणे."

"सगळ्यांच्याच आया आजारी असतात," मी म्हणालो. त्याने ताटातला भात तसाच ठेवला. हल्ली त्याला भूक नसते. आम्हाला असते, तर भात नसतो.

बाबा रात्रभर बसून होते. आडवं पडलं की श्वास कोंडतो. ठरवलं, जातो. माशी खाणारं का असेना, बैल खाणारं का असेना, मिळालं तर आणतो. त्यांच्यासाठी या आठ-नऊ महिन्यांत मी दुसरं काही करू शकलेलो नाही.

९ सप्टेंबर. पनवेलच्या पुढे

निघालो. माहीमच्या कोळीवाड्यातला जगन सुकी मासळी आणायला टेम्पो घेऊन देवगडपर्यंत जातो. त्याच्याशी सीतारामने परस्पर बोलून ठेवलं होतं. पोरगा कामाचा निघाला.

सगळी चाळ गॅलरीत उभी होती. सीताराम पिशवी घेऊन माझ्याबरोबर टेम्पोत चढला. त्याला शीवपर्यंत जायचं होतं, मित्राकडे चार दिवस राहतो म्हणाला. शीवला उतरला आणि एकदम वाकून माझ्या पाया पडला, भर रस्त्यात. मी म्हटलं, अरे मी काय काशीला चाललोय? तो हसला नाही.

ललिताने मला जिन्यापाशीच सांगितलं होतं, "घाई करू नका. नीट शोधा. मिळाल्याशिवाय परत येऊ नका." आणि डोळ्यांना पदर लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी बाहेरगावी जातो म्हणून ही कधी रडली नव्हती. मला आतून बरं वाटलं. संपात माणूस घरात नकोसा होतो असं ऐकलं होतं, आमच्याकडे तसं नाही.

११ सप्टेंबर. महाड

दोन दिवसांत महाड. माणूस चालत याहून लवकर आला असता. जगनचा टेम्पो बरोब्बर जिथे चांगली खानावळ असते तिथे गरम होतो.

"काय टेन्शन घेतो रे जयवंत," जगन म्हणतो. "गवत काय पळून जातंय? मजा कर ना. कधी निघाला होतास असा?"

टेम्पोत सुक्या मासळीचा असा वास भरलाय की अख्ख्या रायगड जिल्ह्याच्या माशा आमच्याबरोबर प्रवास करतात. माशांना तोटा नाही, खाणारं तेवढं मिळत नाही.

वाटेत जिथे उघडा कातळ दिसेल तिथे उतरून बघतो. माणसांना विचारतो. एकाने लाजाळू दाखवली. एकाने कळलावीचा वेल दाखवला आणि म्हणाला, हे माणूस खातं, चालेल का? हसण्यावारी नेतात. मी पण हसतो. मग टेम्पोत येऊन बसलो की बाबांचा श्वास कानात वाजायला लागतो, स्टोव्हची हवा सुटते तसा.

१३ सप्टेंबर. राजापूर

आज राजापूरच्या सड्यावर दिवसभर हिंडलो. सडा म्हणजे मैलोन्‌मैल काळा-तांबडा उघडा कातळ, त्यावर बोटभर माती आणि या दिवसांत ती सगळी फुलांनी भरलेली. निळी, पिवळी, पांढरी. पायाखाली फुलं चिरडत मी फिरत होतो आणि मला एकाही फुलाचा आनंद झाला नाही. प्रत्येकाला बोट लावून बघायचं, चिकटतंय का. नाही चिकटत. पुढे.

दुपारी दगडावर बसलो आणि रडू आलं. वही माझी आहे म्हणून लिहितो. संप जिंकू असं मी रोज शंभर माणसांना सांगतो. खरं सांगायचं तर मार्च-एप्रिलनंतर माझा स्वतःचा विश्वास उडालाय. गिरण्या चालू व्हायच्या नाहीत. व्हायला मालकांना हव्यात कुठे? पण मी हे बोललो तर चाळीचं काय होईल? दत्तारामने बायकोचं मंगळसूत्रसुद्धा मोडलं, माझ्या शब्दावर. म्हणून मी बोलत नाही, आणखी जोराने घोषणा देतो. आणि आता एक गवत शोधतोय, त्यावरही विश्वास नाही. बिनविश्वासाची कामं करण्यात मी तरबेज झालोय.

१५ सप्टेंबर. आमच्या गावी

गावात कोणालाच हे गवत माहीत नाही. बाबांच्या वयाचे एक आजोबा पडवीत बसले होते, ते खो खो हसले. "अरे, तुझ्या बापाशीक पयल्यापासून गजाली सांगूची खोड. माशी खाणारा गवत! उद्या म्हशी खाणारा झाड सांगात."

म्हणजे बाबांनी थाप मारली? मरणाच्या दारातला माणूस कशाला थाप मारेल?

जगन देवगडला माल भरायला जाऊन आला. तिथून त्याने माहीमला फोन लावला होता. मग म्हणाला, "जयवंत, समज तू अजून दहा-पंधरा दिवस इथेच राहिलास तर? मी गणपतीपासून धंद्यात खोटच खातोय, मला पण घाई नाही."

मी म्हटलं, "तुला काय झालंय? बाबांना काही झालं का? फोनवर काय कळलं?"

"नाही रे बाबा. तुझे बाबा ठणठणीत आहेत."

ठणठणीत म्हणे. या कोळ्याला बोलायचा पोच नाही.

१७ सप्टेंबर

मिळालं.

दुपारी ऊन कडक होतं. सड्याच्या पार टोकाला, जिथे कातळातून पाणी झिरपतं, तिथे मी पालथा पडून पाणी पीत होतो. डोळ्यांसमोर गवतावर दव दिसलं. भर दुपारी, उन्हात दव. आजूबाजूचा सगळा कातळ तापलेला आणि हे दव सुकत नव्हतं. जवळ गेलो तर ते गवत नव्हतंच. बारीक, तांबूस, वीतभर उंचीची रोपं. साच्यावर तुटलेल्या धाग्याचे तंतू उभे राहतात तसे पानांना केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. एका पानावर एक चिलट पाय झाडत होतं. बोट लावलं, तार निघाली, डिंकासारखी.

मी किती वेळ तसाच पडून होतो कोण जाणे. जानेवारीपासून मला जे जे सांगितलं गेलं, पंधरा दिवसांत तोडगा निघेल, दिल्लीहून निरोप येईल, त्यातलं एकही खरं निघालं नाही. आणि एका म्हाताऱ्याची गजाल खरी निघाली. मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडलोही. सड्यावर ऐकायला कोण होतं? जगन धावत आला.

त्याने वाकून बघितलं, बोट लावलं. "च्यायला," तो म्हणाला, "खरंच असतं?"

आणि त्याचा चेहरा पडला. आनंद व्हायचा तर पडला. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता निघू. तर म्हणे क्लच गेलाय, तीन दिवस लागतील. मी काय त्याच्या क्लचसाठी थांबतो? मातीसकट रोपं उपटली, डालड्याच्या डब्यात ओल्या शेवाळात बसवली, वरून फडकं बांधलं. उद्या एसटीने निघतो. जगन माझ्या मागे मागे फिरतोय. "एक फोन तरी करू दे चाळीत," म्हणतो. मी म्हटलं, कशाला? मला बाबांचा चेहरा बघायचाय, अचानक गेल्यावर.

१९ सप्टेंबर, रविवार. लालबाग

परळ डेपोला दुपारी उतरलो. चाळ जेवून आडवी झालेली. जिन्यात गंगुबाई तांदूळ निवडत बसली होती. म्हातारी मला बघून म्हणाली, "एकटोच इलस? सीताराम खय रवलो?"

मी म्हटलं, "सीताराम? तो शीवला आहे ना मित्राकडे."

"असां कसां? तुमी दोघव गेललास मां गवत शोधूक? ललितान सांगल्यान."

म्हातारीचं डोकं चालेनासं झालं असं मला वाटलं. वर गेलो. दार उघडंच होतं. बाबा खाटेवर मांडी घालून पेपर वाचत होते. श्वास शांत. फळीवर तोंडात फवारा मारायचा पंप, नवाकोरा, दोन औषधाच्या बाटल्या. ललिताने मला बघितलं आणि तिच्या हातातलं पातेलं मोरीत पडलं.

मी डबा पुढे केला. "बाबा, मिळालं. बघा, माशी धरलीय." ललिताने बाबांकडे बघितलं. मग सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. शीवला उतरलेला सीताराम. त्याची पिशवी. पाया पडणं. जगनचा क्लच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू गेलंस त्याच दिवसापासून," बाबा म्हणाले. "मियाच धाडलंय तेका. तू हय आसतस तर तेका जाऊक दिलं नसतस."

गिरणी आता आत गेलेल्यांना आतच ठेवते. आतच जेवण, आतच झोपणं, म्हणजे बाहेर कोणी गाठायला नको. मिळालेल्या उचलीतून हा पंप आला. चाळीला सांगायला कारण हवं होतं, म्हणून दोघे भाऊ गवत शोधायला गेले. मला सांगायला गवत, चाळीला सांगायला आम्ही दोघे, आणि जगनला मला तिकडे अडकवून ठेवायचं काम.

"आणि गवत?" मी विचारलं. "ते खोटंच होतं?"

बाबांनी डब्यातल्या रोपांकडे बघितलं. घाबरल्यासारखे बघत होते. "ता खरांच आसता असां माका तरी खय ठावक होतां? जुनी माणसां सांगीत. माका वाटला, तू शोधीतच रवतलस."

मी बादलीला लाथ मारली. मला त्यांना मारायचं होतं. स्वतःच्या बापाला, जो माझ्यासमोर सरळ श्वास घेत होता. ते कळलं त्यांना. म्हणाले, "मारूचा आसात तर माका मार. तेका नको." आणि हे सगळं बोलताना एकदाही दम लागला नाही. त्याचाच मला जास्त राग आला, आणि त्या रागाची लाज वाटली.

एवढ्यात गॅलरीतून पावलं वाजली. गंगुबाईने बातमी पोचवली असणार. दत्ताराम आणि कमिटीची आणखी दोघं जणं. ललिताने डबा उचलून खाटेखाली सरकवला.

"मिळालं काय रे?" दत्तारामने दारातूनच विचारलं. "आणि सीताराम?"

मला विचार करायला वेळच नव्हता. माझं तोंड आपोआप बोललं. "नाही मिळालं. तो अजून शोधतोय. मी कमिटीसाठी परत आलो."

दत्तारामने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मिळेल रे. सीताराम चिवट आहे." मग जाता जाता थांबला. "मिळालं तर आमच्या सुरंगीसाठी पण थोडं ठेवायला सांग. तिला डांग्या खोकला झालाय. डॉक्टरचं औषध चालू आहे, पण ते म्हणतात याला वेळच लागतो. रात्रभर खोकते पोरगी, निळी पडते."

२१ सप्टेंबर

सुरंगीचा खोकला आमच्या खोलीत ऐकू येतो. खोकते, खोकते, आणि मग श्वास आत ओढते, तेव्हा शिट्टीसारखा आवाज होतो. चार वर्षांची आहे. मी मोजत नाही, पण प्रत्येक वेळी तो श्वास आत जाईपर्यंत माझाही अडकतो.

बाबा म्हणाले, "माका पंप पुरे. ता गवत पोराक दी."

द्यायचं कसं? दिलं तर मिळालं हे कळणार. मिळालं हे कळलं तर सीताराम अजून काय शोधतोय? मी गेटवर जाऊन आलो. आत थोडे साचे चालू आहेत. बाहेर उभं राहूनही साच्यांचा आवाज मला कळतो. मी घोषणा दिल्या, आतल्यांना शिव्या दिल्या, रोजच्यासारख्या. सीतारामला माझा आवाज लांबूनही ओळखू येतो. लहानपणी मी गल्लीच्या टोकावरून हाक मारली की तो खेळ टाकून यायचा.

२२ सप्टेंबर

दिलं. म्हणजे द्यायला गेलो.

दुपारी दत्ताराम एकटा दारात बसला होता. मी डबा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "मिळालं होतं. रविवारी खोटं बोललो."

त्याने फडकं सोडलं. बोट लावलं आणि लहान पोरासारखा हसला. "आयला, चिकटतंय की खरंच! मीरा, अगं मीरा, बाहेर ये, बघ जयवंतने काय..." मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं. "मग सीताराम काय शोधतोय?"

इतकी वर्षं शेजारच्या साच्यावर उभा राहिलेला माणूस आहे. साच्यांच्या गोंगाटात आम्ही ओठ बघून बोलायचो. त्याला माझं न बोललेलंही कळलं.

"कधीपासून?"

"मला माहीत नव्हतं, दत्ता. आईशपथ."

"आणि बाबांचा पंप?"

"त्यातलाच."

त्याने डबा माझ्या हातात दिला नाही. आमच्या दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला. आत पोरगी खोकायला लागली. खोकला संपेपर्यंत त्याची मान दाराकडे वळलेली होती.

"मी कोणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "पोरं त्याला जिवंत सोडणार नाहीत. पण हे घेऊन जा."

"अरे, हे गिरणीतलं नाही. सड्यावरचं आहे. मी माझ्या हाताने उपटलंय."

"तुझ्या घरातून आलंय ना?"

"पोरीसाठी घे, दत्ता. तुझ्या पाया पडतो."

"नारळावर हात ठेवायला तूच सांगितलंस," तो म्हणाला. "ती माझ्या कडेवर होती तेव्हा. तिचा पण हात लावला होता मी." आणि आत गेला.

त्याच्यावर रागावता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, वर चार माणसांना ओरडून सांगितलं असतं.

२४ सप्टेंबर

ललिता माझ्याशी बोलायला बघते, मी बोलत नाही. तिने आपल्या परीने काहीतरी केलंय. डबा गंजायला लागला होता म्हणून रोपं काढून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत लावली. गावाहून आणलेलं शेणखत तिने तुळशीसाठी जपून ठेवलं होतं, ते सगळं घातलं. सकाळ-संध्याकाळ नळाचं ताजं पाणी. "इथे रुजलं की वाढेल," म्हणते. "मग मीरावहिनींना कधीही गुपचूप देता येईल." तुळशीच्या आड ते कोणाला दिसतही नाही.

बाई मायाळू आहे. एवढी मायाळू की मला फसवू शकली.

गेटवर दत्ताराम माझ्या शेजारीच उभा राहतो, नाहीतर लोक विचारतील. मी घोषणा देतो, तो मागून म्हणतो. चहाचा कप मात्र त्याने माझ्या हातून घेतला नाही. म्हणाला, पित्त झालंय.

२६ सप्टेंबर

रोपांवरचं दव गेलं. ललिता म्हणते, जागा बदलली म्हणून रुसलीयत. आणखी खत घातलं.

कमिटीतले विचारतात, सीतारामचा काही निरोप? मी सांगतो, राजापूरच्या सड्यावर आहे. काल सांगितलं, देवगडकडे गेला. मी त्याला सगळा कोकण फिरवून आणला. दत्ताराम ऐकत असतो, खाली बघून.

२८ सप्टेंबर

आज दुपारी मीरावहिनी आली. दत्ताराम गेटवर होता. मी अंग दुखतं म्हणून घरी राहिलो होतो. तिने पदराआड वाटी आणली होती. उंबऱ्याच्या आत आली नाही, बाहेरच उभी राहिली. रात्रीच्या जागरणाने डोळे आत गेलेले.

"भावजी, यांना नका सांगू," ती म्हणाली. "थोडं द्या."

मी तिला कुंडीपाशी नेलं. सकाळी मी बघितलं नव्हतं. तुळस तरारून आली होती, इतकी हिरवी तिला कधी पाहिली नाही. तिच्या बुडाशी आमची रोपं काळी पडून लोळली होती. मुळापासून सुटलेली, हात लावला तर बोटाला लगदा आला, नुसता चिखल. वास येत होता.

"कुजलंय, वहिनी," मी म्हणालो. "कातळावरचं रोप, खत सोसलं नाही. हे नका देऊ पोरीला."

ती कुंडीकडे बघत राहिली. तिकडून खोकला सुरू झाला. तिने मान वळवली नाही, पण वाटी धरलेला हात हलला.

"मग काय देऊ?" तिने विचारलं.

रागाने नाही विचारलं. मला माहीत असेल असं समजून विचारलं. सगळी चाळ मला असंच विचारते, जानेवारीपासून.

मी खाली बसलो. त्यातल्या त्यात कमी काळे देठ बोटांनी वेचले, शेणखत झटकलं आणि तिच्या वाटीत ठेवले. तिला सुचेल ते सांगितलं, दोन पेले पाण्यात उकळायचं, अर्धा पेला उरला की गाळायचं, मधातून द्यायचं, सकाळ-संध्याकाळ. तिने सगळं परत म्हणून दाखवलं, चुकू नये म्हणून. मी म्हणालो, बरोबर.

पदर वाटीवर ओढून ती गेली.